वरून ओतलेलं तेल

नारायण पेठेत पिवळीधमक स्पोर्ट्स कार ठेवणं म्हणजे दोन खोल्यांच्या घरात मोर पाळणं. हौस म्हणून ठीक आहे हो, पण त्याने पिसारा फुलवायचा कुठे? बद्रीनाथराव पानशांच्या इमारतीखाली स्कूटरींच्या रांगेत ती गाडी अंग चोरून उभी असायची, आणि येणारा-जाणारा आधी तिच्याकडे बघायचा आणि मग पानशांकडे. समोरचा स्टेशनरीवाला तर न चुकता विचारायचा, शर्यत कधी आहे म्हणून. तुमचं दुकान चालायला लागलं की, असं बद्रीनाथराव सांगत आणि पुढे जात.

गाडी मुळात त्यांची नव्हतीच. त्यांची मुलगी सुरुची खराडीला एका कंपनीत होती. तिने वर्षानुवर्षं पैसे साठवून ही जुनी, दोनच सीटची, पोट जमिनीला टेकवून पळणारी गाडी घेतली आणि हौस फिटायच्या आत कंपनीने तिला स्वीडनला धाडलं. जाताना ती आईवडिलांना बजावून गेली, की आठवड्यातून दोनदा फिरवून आणा, नाहीतर बॅटरी उतरेल. आणि कुरकुर करायला लागली तर जिवाला घोर लावून घेऊ नका, माझा मित्र राजस घ्यायला टपलेलाच आहे, त्याला देऊन मोकळे व्हा. तिची आई कल्याणीबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, की बरं झालं सांगितलंस, मला आता आणखी कोणाचं दुखणंखुपणं काढायचं नाही.

सत्तरीला टेकलेल्या माणसांनी असल्या गाडीत बसायचं म्हणजे कसरतच. आधी पाठ आत टाकायची, मग पाय एकेक करून उचलून घ्यायचे. उतरताना तर एकमेकांना हात दिल्याशिवाय सुटका नाही. पण काही म्हणा, पहाटे त्या गाडीत बसलं की पुणं वेगळंच दिसायचं. सीट इतकी खाली, की बसची चाकं डोळ्यांसमोर यायची आणि दुभाजकावर निजलेलं कुत्रं मान उचलून नजरेला नजर द्यायचं. रस्त्यावरचे दिवे विझलेले नसायचे आणि आभाळ उजळायला लागलेलं असायचं. त्या मधल्या वेळात कशालाच सावली नसते. नदीवर धुकं पडलेलं असलं की पूल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळायचं नाही. आपण गाडी चालवतोय की आपल्याला कोणी अलगद उचलून नेतंय, असं बद्रीनाथरावांना वाटायचं आणि ते मुद्दाम वेग कमी करायचे.

ठरलेली वाट होती. पेठेतून निघून बंडगार्डनच्या पुलावर, तिथून येरवडा, मग नगर रस्त्याने खराडी. सुरुचीच्या जुन्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीला एक वळसा घालायचा आणि परत यायचं. तिथे आता कोणीच आपलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी वळसा घालायचा.

आता लग्नाला चाळीसेक वर्षं झालेल्या जोडप्याचं घरातलं बोलणं ते किती असणार? गॅस संपला, दूध नासलं, कोणाचा तरी फोन वाजतोय. बद्रीनाथरावांची बायको अबोल आहे, असं ते सगळ्यांना सांगत आले होते आणि स्वतःही मानत आले होते. आणि एके पहाटे बंडगार्डनचा पूल ओलांडताना ही अबोल बाई समोर बघतच म्हणाली, की आमच्या क्वार्टरमागे पेरूची झाडं होती आणि रात्री त्यांच्यावर वटवाघळं भांडायची.

बद्रीनाथरावांचा पाय ब्रेकवर जाता जाता राहिला. सासरे येरवड्याच्या तुरुंगात कारकून होते आणि बायको तिथल्या क्वार्टरमध्ये वाढली, एवढं त्यांना माहीत होतं. जावयाला सासऱ्याबद्दल याहून जास्त काय लागतं, असा त्यांचा हिशोब. पण त्या दिवसापासून पूल आला की कल्याणीबाई बोलायला लागायच्या. पहाटेच्या घंटेची गोष्ट. भिंतीपलीकडून एका सुरात येणाऱ्या प्रार्थनेची. आईने वाळत घातलेल्या पापडांवर पहारा देणाऱ्या शिपायाची. मग त्या गोष्टीत कचरू नावाचा एक कैदी आला. वागणूक चांगली म्हणून त्याला क्वार्टरच्या बागेत कामाला सोडायचे. तो कल्याणीबाईंना छोट्या बाय म्हणायचा. बोलताना त्यांचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा, आणि धुक्यातून तुरुंगाची लांबच लांब भिंत बाजूने सरकत असायची. आपण ऐकतोय की आपल्याला स्वप्न पडतंय, असं बद्रीनाथरावांना व्हायचं.

इमारतीखाली गाडी थांबली की गोष्टही थांबायची. वर गेलं की पुन्हा गॅस, दूध आणि फोन. एकदा न राहवून त्यांनी जेवताना विचारलंच, की मग त्या कचरूचं पुढे काय झालं? कोणत्या कचरूचं, असं म्हणून कल्याणीबाईंनी त्यांच्या पानात आमटी वाढली. झालं. तेव्हा बद्रीनाथराव मनाशी उमजले, की ही बाई फक्त गाडीत बोलते. आठवड्यातून दोनदाचं फिरणं चारदावर गेलं. गाडी आहे तोवर गोष्ट आहे, गाडी गेली की गोष्टही गेली. आपण इतकी वर्षं कोणासोबत राहिलो ते आत्ता कुठे कळायला लागलंय, आणि ते अर्धवट राहील, याची त्यांना खरोखर धास्ती वाटू लागली.

आणि नेमका अशात गाडीखाली फरशीवर तेलाचा थेंब दिसला. रुपयाएवढा, मधासारखा. बद्रीनाथरावांनी बोट लावून वास घेतला. इंजिनचंच तेल. सुरुचीला कळलं तर ती राजसला फोन करील. कल्याणीबाईंना कळलं तर त्या सुरुचीला फोन करतील. म्हणजे कोणालाच कळता कामा नये.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? मेकॅनिक गाठला असता. पण इथे त्यांची नोकरी आडवी आली. बद्रीनाथरावांचा जन्म पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर गेला होता. कालवा कुठे ना कुठे झिरपतोच, आणि ते भोक शोधत बसलं तर खालच्या शेतकऱ्याचा हंगाम उलटतो. म्हणून हाताखालच्या माणसांना त्यांनी आयुष्यभर एकच मंत्र दिला होता, खाली कमी पडतंय ना, मग वरून जास्त सोडा. माणूस निवृत्त होतो, मंत्र कुठला व्हायला. त्यांनी तेलाचा डबा आणला, चपलांच्या कपाटात मागे दडवला, आणि दुपारी कल्याणीबाईंचा डोळा लागला की खाली जाऊन कान तुटलेल्या कपाने गाडीला तेल पाजायला सुरुवात केली. थेंब दिसू नये म्हणून खाली पुठ्ठा सरकवला.

पुठ्ठ्याचा प्रकार मात्र चमत्कारिक होता. डाग पडलाय म्हणून बदलायला जावं, तर कधी कधी तो कोराच दिसायचा. गळती आपोआप भरत आली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एकदा डिपस्टिक ओढून तेल किती आहे तेही बघितलं, पण बघितलं कधी, तर फेरफटका मारून आल्या आल्या. तेव्हा तेल सगळ्या इंजिनभर उडालेलं असतं, खाली उतरलेलं नसतं. पट्टीवर कमी दिसलं, म्हणून गृहस्थांनी त्या दिवशी दोन कप ओतले.

पुढच्याच शनिवारी पुलावर कल्याणीबाई म्हणाल्या, की क्वार्टरच्या पटांगणात एक जुनी जीप पडलेली होती आणि कचरूने एकदा तिचं दार उघडून... तेवढ्यात मागून धुराचा लोट उठला. निळा-पांढरा, नदीवरच्या धुक्यात मिसळून सगळा पूल भरून टाकणारा. पहाटे पळायला आलेली माणसं खोकत बाजूला झाली. एकाने तर फोन काढून व्हिडिओ घेतला आणि मगच विचारलं, की काका, मदत हवी का?

गाडी ओढून नेली ती येरवड्यालाच, दीनानाथच्या गॅरेजमध्ये. सुरुची त्याच्याकडेच गाडी द्यायची. दीनानाथ हा चांगल्या कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून असल्या गाड्यांच्या नादी लागलेला माणूस. बोलणं मोठ्या डॉक्टरसारखं, पेशंट नेहमी अर्धमेला असल्यासारखं. त्याने बॉनेट उघडलं, च्यक केलं आणि गाडी ठेवून जायला सांगितलं. व्हिडिओ मात्र गाडी गॅरेजला पोचायच्या आधीच स्वीडनला पोचला होता. रात्रीच सुरुचीचा फोन आला. ती ओरडली नाही, उलट हसली, आणि म्हणाली की झालं बाबा, आता पुरे, राजसशी बोलले आहे, दुरुस्त झाली की तो गॅरेजमधूनच घेऊन जाईल. बद्रीनाथराव बरं म्हणाले. कल्याणीबाईंनीही फोन घेतला आणि बरं म्हणाल्या.

मग घर असं गप्प झालं, की शेजारच्यांचा कुकर ऐकू यावा. बद्रीनाथरावांनी नाना युक्त्या केल्या. पहाटे उठून चहा केला, पायी नदीकाठी चलतेस का विचारलं, एकदा तर येरवड्याला जाणाऱ्या बसमध्ये बायकोला घेऊन बसले. बसमध्ये त्यांना पुढे-मागे जागा मिळाली. जीपचं दार उघडल्यावर पुढे काय झालं, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. एखादं स्वप्न ऐन रंगात असताना कोणी हलवून जागं करावं आणि पुन्हा डोळा लागूच नये, तशी त्यांची गत झाली होती.

दीनानाथने बोलावलं तेव्हा दोघं रिक्षाने गेले. गॅरेज पत्र्याचं, पण आत स्वच्छ. वरच्या एका हिरव्या, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून उजेड पडायचा आणि सगळं तळ्याच्या तळाशी असल्यासारखं दिसायचं. दीनानाथने इंजिन धुऊन, वाळवून त्याच्यावर बाळाची पावडर भुरभुरली होती. गाडी चालू केली की जिथून तेल येतं तिथली पावडर पहिल्यांदा ओली होते, मग खालचे ओघळ कितीही फसवोत, असं त्याने समजावलं. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ती नेहमी वर असते. पिवळी गाडी पांढरी पावडर लावून, आंघोळ घातलेल्या तान्ह्या पोरासारखी बसली होती.

गाडी चालू केली. तिघं वाकून बघू लागले. पावडर ओली झाली, पण एका जागी नाही. वर झाली, खाली झाली, दोन्ही बाजूंनी झाली. दीनानाथचं डॉक्टरी हसू मावळलं. एक गळती शोधायला गेलो तर इंजिनला सगळीकडून घाम फुटलाय, असं तो पुटपुटला. मग त्याने गाडी बंद केली, थांबला, आणि जे सुरुवातीलाच बघायला हवं होतं ते बघितलं. गळती आहे म्हणजे तेल कमीच असणार, असं तोही धरून चालला होता. त्याने डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. खुणेच्या वर, पार वरपर्यंत तेल. एवढं तेल कोंबल्यावर ते वाट फुटेल तिथून बाहेर येणारच, दुसरं काय करील?

"तेल कोण भरतं?" दीनानाथने विचारलं.

बद्रीनाथरावांनी घसा साफ केला. लपवण्यात अर्थ नव्हता. मी भरतो, दुपारी, कपाने, असं त्यांनी कबूल केलं आणि बायकोकडे बघायचं टाळलं.

दीनानाथने मान हलवली. कपाकपाने एवढं होत नाही, असं तो म्हणाला.

"वाटीने मी भरते," कल्याणीबाई म्हणाल्या. "हे लायब्ररीत गेले की."

पुठ्ठे कोण बदलत होतं ते बद्रीनाथरावांना आत्ता कळलं. दीनानाथ शहाणा होता. जास्तीचं तेल काढून टाकतो म्हणाला, मूळ गळती वरच्या झाकणाच्या रबरी पट्टीची निघेल म्हणाला, पट्टी आल्याशिवाय गाडी चालू करता येणार नाही म्हणाला, आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

"तू कशाला?" बद्रीनाथरावांनी विचारलं. "तूच तर म्हणाली होतीस, कुरकुरली की द्यायची."

"आणि तुम्ही कशाला?"

"तू गाडीतच बोलतेस म्हणून."

कल्याणीबाईंनी पदराने हात पुसले, हाताला काही लागलेलं नसताना.

"तुम्ही गाडीतच ऐकता म्हणून," त्या म्हणाल्या. "घरी पेपर असतो, टीव्ही असतो. मी अर्धं बोलते आणि तुमचं हूं येतं. गाडीत कुठे जाणार? थेंब मला पहिल्याच दिवशी दिसला होता. कालव्यावरच्या कॉलन्यांत जन्म गेला माझा. कमी पडलं की वरून सोडायचं, याशिवाय तुमच्याकडून शिकले काय मी?"

बद्रीनाथरावांना लाज वाटली आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. दोन म्हातारी माणसं एका गाडीला चोरून तेल पाजत होती, का, तर एकाला ऐकायचं होतं आणि एकाला बोलायचं होतं. आणि गाडी तर आता राजसची झालीच होती.

कल्याणीबाई जाऊन गाडीत बसल्या. पाठ आधी, मग पाय. बद्रीनाथराव दुसऱ्या बाजूने बसले. किल्ली दीनानाथकडे होती. समोर बॉनेट उघडं, त्यामुळे रस्ता, भिंत, काहीच दिसत नव्हतं, नुसता पिवळा पत्रा आणि वरून झिरपणारा हिरवा उजेड. बाहेर येरवड्याची रहदारी चालली होती, ती कुठल्या कुठे लांब गेल्यासारखी वाटली.

मग कल्याणीबाई बोलायला लागल्या. त्या जीपला इंजिनच नव्हतं. नुसता सांगाडा, सीटमधून स्प्रिंगा बाहेर आलेल्या. कचरू आधी ट्रक चालवायचा. त्याच्या ट्रकखाली माणूस गेलं म्हणून तो आत आला होता. सुटलो तरी परत स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं तो म्हणायचा. पण ही लावतो छोट्या बाय, हिला इंजिन नाही, हिच्याखाली कोणी मरायचं नाही. बागेचं काम संपलं की तो त्यांना शेजारी बसवायचा आणि तोंडाने जीप चालू करायचा. घाट आला की आवाज जड व्हायचा, उतार आला की हलका. खंबाटकी, सातारा, कोल्हापूर, पार गोव्याचा समुद्र. पटांगणातून न हलता त्या सगळीकडे जाऊन आल्या होत्या.

"रोज निघताना तो विचारायचा, कुठं जायाचं?" कल्याणीबाई म्हणाल्या. "मी सांगीन तिथे न्यायचा. मग जीप लिलावात गेली. तोही सुटला." त्या थांबल्या. "त्यानंतर मला कोणी विचारलं नाही हो, कुठे जायचंय म्हणून."

आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. बद्रीनाथरावांना एकेक बदली आठवली. ऑर्डर हातात पडायची, ते घरी येऊन गावाचं नाव सांगायचे आणि कल्याणीबाई भांडी बांधायला घ्यायच्या. सुरुचीच्या वेळचं बाळंतपण, तिची शाळा, शेवटी नारायण पेठेतला फ्लॅट, सगळं सांगितलेलं, एकही विचारलेलं नाही. ते वाईट माणूस असते तर निदान भांडण तरी झालं असतं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. डावा पाय क्लचवर दाबला. ओठ आवळले, आणि हा खात्यातून इभ्रतीने निवृत्त झालेला, पेठेत कोणाकडे बघून न हसणारा माणूस तोंडाने घुर्रर्र करायला लागला. कवळी हलली, आवाज फाटला, तरी थांबला नाही. चहाचे पेले घेऊन आलेला दीनानाथ दारातच खिळला.

"कुठे जायचं?" बद्रीनाथरावांनी मधेच दम घेऊन विचारलं.

कल्याणीबाई उघड्या बॉनेटकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांनी विचारल्यावर लगेच थोडंच सुचतं?

"सांगते," त्या म्हणाल्या. "गाडी बंद नका करू तोवर."